नाटक आपलंच, निर्मातेही आपणच: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नाटक लिहिणाऱ्यांची वानवा नाही. दुसरा कुणी तरी उभं करील म्हणून वाट बघत संहिता कपाटात पिवळी पडते, मग लेखकच कंबर कसून निर्माता होतो. त्यात गैर काही नाही. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरी सांभाळून लिहायचे, बसवायचे आणि स्वतः रंगमंचावरही उभे राहायचे. घोळ होतो तो वेगळ्याच जागी. लेखक आधी नाटक लिहून मोकळा होतो आणि त्यानंतर निर्माता म्हणून खिसा चाचपतो. ही दोन्ही कामं पहिल्या पानापासून बरोबर चालायला हवीत.

पात्रांची भाऊगर्दी

पहिल्या अंकात तलाठी येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. कागदावर त्याला काही खर्च नाही. पण त्या दोन वाक्यांसाठी एक माणूस रोज तालमीला बोलवावा लागतो. त्याला मेकअप, जेवण, टेम्पोत जागा, सगळं लागतं, आणि ऐन प्रयोगाच्या आदल्या दिवशी पाहुण्याच्या साखरपुड्याला जातो तोही नेमका हाच. लिहायला बसण्याआधीच आपल्याकडे खात्रीची माणसं किती ते ठरवा. पाच असली तर पाच पात्रांचंच नाटक लिहा. तलाठी रंगमंचावर न येता त्याचा नुसता फोन आला तरी गोष्ट पुढे सरकते.

गावाकडच्या नाटकात स्त्री-भूमिकेसाठी अभिनेत्री बाहेरून येत असेल तर तिच्या वाट्याला शेवटच्या दोन-तीनच तालमी येतात. तिच्यावर दहा पानांचा दोघांचा प्रवेश टाकला तर दोष तिचा नाही, तुमचा आहे. गावातलीच मुलगी उभी राहत असेल तर तालमीची वेळ तिच्या बसवर ठरवा, हिरोच्या सोयीवर नको. आता कर्नाटकात महिलांना सरकारी बस फुकट असल्यामुळे खानापूरहून बेळगावला तालमीला येणं परवडतं. मात्र ही सवलत राज्यातल्या रहिवाशांनाच आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीची मुलगी घेतलीत तर तिचं भाडं खर्चात धरा.

एकमेकांना ठाऊक असलेलंच सांगणारी पात्रं

नव्या नाटककाराची सगळ्यात महागडी चूक हीच. थोरला मुलगा बापाला म्हणतो: "आप्पा, गेली चाळीस वर्षं तुम्ही या रानात राबलात, आईचं मंगळसूत्र गहाण टाकून विहीर पाडलीत, आणि आज धाकटा काका मुंबईहून येऊन अर्धा हिस्सा मागतो?" आप्पाला यातलं काय नवीन आहे? हे सगळं मुलगा प्रेक्षकांना सांगतोय, आणि तिसऱ्या रांगेतल्या म्हातारीलाही ते कळतं.

तोच प्रवेश असा लिहून बघा:

"काका आलाय."
"जेवला काय?"
"उतारा मागूलालाय."

आप्पा धुतलेले हात पुसत नाहीत. ताटाकडे बघतात आणि तसेच उठतात. विहीर आणि मंगळसूत्र पुढं कधी तरी भांडणात बाहेर पडू दे, तेव्हा त्याला धार येईल. शिवाय एक फायदा निर्मात्याचा: असे संवाद नवशिक्या नटालाही पाठ होतात, प्रॉम्प्टरचा घसा वाचतो.

इथली बोली वापरायची असेल तर घरातल्या प्रवेशांत मोकळेपणानं वापरा. नुसत्या विनोदी नोकराच्या तोंडी ती घालून बाकी सगळ्यांना पुणेरी बोलायला लावणं हा आपल्याच प्रेक्षकांचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कन्नड पात्र म्हणजे खलनायक

सीमाप्रश्नावरच्या नाटकात हे हमखास होतं. कन्नड बोलणारा दिसला की तो गुर्मीत वागणार, टाळ्या मिळणार. पण प्रेक्षागृहातल्या निम्म्या लोकांचे शेजारी, वर्गमित्र, कधी जावईसुद्धा कन्नड बोलतात. त्यांना हा माणूस पुठ्ठ्याचा वाटतो.

दुसरं, कन्नड वाक्यं अंदाजानं लिहू नका. 'पुढं चला' म्हणायला बेळगावचा कंडक्टर "मुंद होग्री" म्हणतो, "मुंदे होगी" नव्हे. बंगळुरी वळणाची कन्नड त्याच्या तोंडी घातली की पहिल्या रांगेपासून हसू फुटतं, आणि ते तुम्हाला नको असलेलं हसू असतं. एखाद्या कन्नड मित्राला बसवून ती चार वाक्यं वाचून घ्या. त्याला नाटकही दाखवा.

पंचांग न बघता धरलेली तारीख

नट मिळाले, हॉल मिळाला, तारीख चुकली, असं इथं सहज घडतं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आसपास तालीम ठेवाल तर तुमचा नायक महाराज झालेला असतो, खलनायक अफजलखान, आणि लाइटवाला कुठल्या तरी गल्लीच्या रथावर दिवे बांधत बसलेला. गणेशोत्सवातही तीच गत. खानापूर भागात भाताची रोप लावण चालू असताना कुणी तालमीला येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

१ नोव्हेंबरला इकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी असतो. त्याच्या आगेमागे नाटकाची परवानगी मागणं म्हणजे स्वतःच्या हातानं ताप ओढवून घेणं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की पोलीस बंदोबस्तात, लॉज भरलेले, पाहुण्या कलाकारांना खोली नाही. मी म्हणेन, सुगी आटोपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीतली शनिवारची रात्र पकडा, पण आजूबाजूच्या गावांच्या यात्रा कधी आहेत ते आधी विचारून घ्या.

यात्रेतच उघड्यावर प्रयोग असेल तर आणखी एक हिशेब आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार रात्री १० नंतर उघड्या जागी लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. बंदिस्त नाट्यगृहाला ही अडचण नाही. साडेनऊला पडदा वर जाणार आणि नाटक तीन तासांचं, हे गणित मांडवात जमत नाही. सत्कार, नारळ आणि भाषणं आटोपेपर्यंत एक अंक गिळला गेलेला असतो. नाटक दोन तासांत बसवा आणि सत्कार मध्यंतरात ढकला.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात

पोलिसांची परवानगी आणि हॉलचं बुकिंग हे तर सगळेच करतात. विसरतात ते पुढचं.

बेळगावात गाजलेलं नाटक कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडला न्यायचं ठरतं तेव्हा महाराष्ट्रातल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता त्यांच्याकडे आधी पाठवावी लागते. तारीख पक्की करून मग धावपळ करण्यात अर्थ नाही.

पार्श्वसंगीतात सिनेमाचं गाणं वाजवायची सवयही मोडा. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती संपते. गावातला हार्मोनियमवाला किंवा भजनी मंडळातली दोन पोरं बसवा, त्यानं नाटकाला स्वतःचा आवाज मिळतो. दुसऱ्याच्या कथेवरून नाटक करत असाल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. लेखक वारला असला तरी त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. तुमच्या स्वतःच्या संहितेवर मात्र हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद झालाच तर उपयोगी पडते.

आणि बॅनर. नाटकाचं नाव मराठीत मोठं असू दे, पण खाली कन्नडमध्येही छापा. तत्त्वाचा प्रश्न नाटकात मांडा, फ्लेक्सवर नको. फाडलेला फ्लेक्स तिकीट विकत नाही.

पास

आपल्याकडे "पास ठेव हं" हे आशीर्वादासारखं म्हटलं जातं. समजा २५० खुर्च्या भरल्या आणि तिकीट १५० रुपये. कागदावर ३७,५०० रुपये दिसतात. त्यातल्या ८० खुर्च्या पासवाल्यांच्या असतील तर हातात २५,५०० येतात, आणि हॉल, लाइट, साउंड, टेम्पो, मेकअप, जेवण हे सगळं पूर्ण पैशांनीच भरावं लागतं. हिशेब नेहमी अर्ध्या हाउसवर, म्हणजे निम्म्याच खुर्च्यांची तिकिटं विकली जातील असं धरून करा. अर्ध्यात भागत नसेल तर नेपथ्य कापा, कलाकारांचं मानधन नको. पास द्यायचेच तर वर्तमानपत्रवाले आणि पुढचा प्रयोग लावू शकणारी मंडळी एवढ्यांनाच द्या. मेहुण्याला तिकीट विकताना लाज वाटली तर ते काम बायकोवर सोपवा. जीएसटीची धास्ती अनेकांना असते, पण नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर तो लागत नाही.

पूर्ण झाल्याशिवाय कुणाला वाचून न दाखवणं

१८८० साली पुण्यात किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच. सातही अंक पुढं आले. म्हणजे अर्धं नाटक लोकांपुढं ठेवण्यात कमीपणा नाही. पहिला अंक झाला की नट नसलेल्या सात-आठ जणांना एका खोलीत बसवून वाचा. कोण कुठे मोबाइल बघतो ते पेन्सिलीनं समासात टिपा. ती पानं आधी कापा. नंतर मतं विचारा, कारण तोंडावर सगळे "झकास" म्हणतात.

आवाज

मांडवात टांगलेला माइक पंख्याचा आणि जनरेटरचा आवाज नटापेक्षा आधी पकडतो. रंगीत तालीम त्याच जागी, त्याच साउंडवाल्याबरोबर करा आणि माणसं बसतील तिथवर जाऊन ऐका. पैसे कमी पडत असतील तर नेपथ्यातला एक फ्लॅट (उभी चौकट) कमी करा, साउंडवाला स्वस्तातला घेऊ नका.

आणि पहिल्या प्रयोगावरच सगळी रक्कम उधळू नका. दुसऱ्या प्रयोगाच्या हॉलची अनामत पहिल्याच्या आधी भरून ठेवा. एकदा पांगलेली मंडळी पुन्हा गोळा करायला नवी तारीख आणि टेम्पोवाल्याचा होकार, दोन्ही हातात लागतात.