यार्डात फोर्कलिफ्ट काढताय? आधी पहार घेऊन चालत जा

कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी असू दे नाहीतर गोकुळ शिरगाव, शेडच्या आत कोबा मस्त गुळगुळीत आणि दारातनं बाहेर आलं की मुरूम, खड्डे, फाउंड्रीची टाकून दिलेली काळी वाळू. आणि आपली साधी फोर्कलिफ्ट बनवलीय कोब्यासाठी, हे आधी डोक्यात घ्या. बुटकी, लहान चाकांची गाडी तर बाहेर आणूच नका.

सकाळी गाडी काढायच्या आधी रस्ता चालत बघायचा, हातातली पहार जमिनीत टोचत. पावसाळ्यात वरनं कोरडं दिसतं आणि आत लोणी असतं. मी स्वतः फसलोय, पाइपलाइनची चर बुजवून वर ताजा मुरूम पसरलेला, दिसायला एकदम पक्कं, कास्टिंगची बिन घेऊन गेलो आणि पुढचं डावं चाक बसलं की खाली. लोड खाली होता म्हणून वाचलो.

का वाचलो ते सांगतो. दोन चाकांत साधारण १ मीटर अंतर धरा, एक चाक नुसतं ५ सेंटिमीटर खाली गेलं तर ३ मीटरवर उचललेला लोड १५ सेंटिमीटर बाजूला झुकतो, आणि मागचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो त्यामुळं गाडीला चार चाकं असली तरी टेकू तीनच. म्हणून लोड जमिनीपासनं १५-२० सेंटिमीटर, खड्डे असतील तर फोर्क, म्हणजे पुढची दोन पाती, घासणार नाहीत एवढाच अजून वर, मास्ट, म्हणजे फोर्क वरखाली करणारा पुढचा उभा सांगाडा, मागं झुकवलेला, आणि स्पीड चालत्या माणसाएवढा. गाडीच्या प्लेटवर २ टन लिहिलंय ते सपाट पक्क्या जागेचं हो, यार्डात तेवढं घालायचं नाही.

चढाला लोड चढाच्या बाजूला, उतरताना रिव्हर्स. गाडी रिकामी असेल तर बरोबर उलटं. उतारावर वळायचं नाही म्हणजे नाही, रिकामी असली तरी, उलट रिकामी गाडी आडवी लवकर पडते.

पडायला लागलीच तर उडी मारू नका, वरची जाळी अंगावर येते. बेल्ट लावलेला पाहिजेच, स्टेअरिंग घट्ट धरून पाय रोवायचे आणि पडतीय त्याच्या उलट्या बाजूला झुकायचं.

चाक रुतलं तर रेस वाढवून खड्डा खोल करू नका भावा, लोड हळू टेकवा, आणि ढकलायला धावत येणाऱ्या पोरांना आधी लांब हाकला.