चोरी झाली ३ लाख ८० हजारांची, खड्डा पडला त्याहून मोठा: सोलापूरच्या छोट्या धंदेवाल्यांनो, या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराचे हिशेब मी लिहितो. आठ माग, घरचीच पेढी. दिवाळीच्या तोंडावर सूतवाल्याच्या नावाने व्हॉट्सअॅपवर निरोप आला: 'जुने खाते ऑडिटमुळे बंद आहे, या वेळचे पेमेंट नव्या खात्यात टाका.' सोबत लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर, डीपीसुद्धा त्याचाच. फक्त फोन नंबर वेगळा होता आणि तो कोणी पाहिला नाही. आरटीजीएसचा फॉर्म मीच भरला, त्यामुळे शहाणपण शिकवायचा मला तसा हक्क नाही.

३ लाख ८० हजार गेले. पण सूतवाल्याच्या वहीत आपली बाकी उभीच. पैसे भलत्याच खात्यात गेले, त्यात त्याचा काय दोष? त्याने पुढचे सूत रोखीवर मागितले, चार दिवस माग बंद पडले, शनिवारचा पगार मालकिणीच्या पाटल्या गहाण टाकून झाला. पैसे बँकेच्या कर्जाच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून गेले होते, म्हणजे चोराच्या खिशातल्या रकमेवर व्याज आपण भरतोय. टॉवेलच्या धंद्यात हातात ५ टक्के उरतात असे धरले, तर एवढी रक्कम भरून काढायला ७६ लाखांचा माल विकावा लागतो. हे गणित मालकांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तर पहिली चूक ही. खाते बदलल्याचा निरोप आला की त्याच नंबरवर खात्री करू नका, तिकडे चोरच बसलेला असतो. जुन्या वहीतला नंबर लावा, माणसाचा आवाज ऐका. आरटीजीएस, एनईएफटी करताना खातेधारकाचे नाव पाहायची सोय आता बँकांकडे आहे, ते नाव वाचा. रक्कम मोठी असेल तर आधी एक रुपया टाकून समोरच्याला विचारा.

दुसरी चूक आम्ही केली ती लाजेपोटी. 'बाजारात नाव जाईल' म्हणून दोन दिवस गप्प बसलो. पैसा तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर तो वाटेत अडवता येतो. फोन करताना यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचे खाते हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी अर्ज, आणि पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली, तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवायची मुदत अनेकांना ठाऊक असते. पण चूक ना तुमची ना बँकेची असेल, तेव्हाच ते पूर्ण संरक्षण मिळते. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

नवी पेठेतल्या दुकानदारांचे दुखणे निराळे. अनोळखी गिऱ्हाईक चार हजारांच्या चादरी घेते, चाळीस हजार पाठवते आणि 'चुकून जास्त गेले, बाकीचे या नंबरवर परत करा' म्हणते. पैसे खरोखर आलेले असतात, पण ते दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले. त्याची तक्रार कुठल्या तरी परराज्यात नोंदली जाते आणि होल्ड, म्हणजे पैसे काढायला रोख, तुमच्या चालू खात्यावर लागतो. अशी रक्कम स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा. होल्ड लागलाच तर बिल, ट्रान्सपोर्टची पावती, चॅट घेऊन बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि होल्ड फक्त वादातल्या रकमेवर ठेवा असे मागा. पगाराचे पैसे मात्र वेगळ्या खात्यात असू द्या, हे आधीच.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे येतात. साउंडबॉक्स बोलल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. दुकान उघडताना क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवलेले नाही ना, तेही पाहा. 'चलन' किंवा 'लग्नपत्रिका' म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी) पोराने उघडली, तर आधी नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच संगणकात ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवणे. पेन ड्राइव्हवर घ्या आणि काढून कपाटात ठेवा.

आमचे मालक आता प्रत्येक पेमेंटआधी सूतवाल्याला फोन लावतात. परवा तो पलीकडून वैतागला, "ओ मालक, खातं तेच आहे, किती वेळा विचारता!" मालकांनी तरी शेवटचे चार आकडे त्याच्याकडून वदवून घेतलेच.