रानफुले, अळंब्या आणि थेंबातले जीव: नोंदी करताना या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारांवरून आणि घाटवाटांवरून परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये रानफुलांचे आणि अळंब्यांचे पन्नासेक फोटो असतात. त्यांतले किती फोटो पुढे नोंद म्हणून उपयोगी पडतात, हे पाहू गेल्यास हाती फारच थोडे लागते. फोटो वाईट असतात असे नाही. काढणाऱ्याचे सारे लक्ष नाव मिळवण्याकडे असते, एवढेच. नाव दोन वर्षांनीही लावता येते, पण पानांची मांडणी, देठाचे बूड किंवा उगवण्याची जागा त्या वेळी टिपली नसेल, तर ती नंतर कुठूनही आणता येत नाही. माझ्या पहिल्या तीन पावसाळ्यांच्या वह्या याच कारणाने जवळपास निकामी झाल्या आहेत, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

फुलाचा चेहरा तेवढा टिपणे

तेरड्याचे उदाहरण घेऊ. समोरून काढलेल्या फोटोत गुलाबी पाकळ्या छान दिसतात आणि ओळखीसाठी लागणारे जवळजवळ सगळे झाकले जाते. फुलामागची बारीक वाकडी सोंड किती लांब आहे, हे बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. साध्या तेरड्याची, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिनाची, पाने खोडावर एकाआड एक येतात. इम्पेशन्स ऑपोझिटिफोलियाची, नावाप्रमाणेच, समोरासमोर येतात. तर ओल्या कातळाला चिकटून वाढणाऱ्या इम्पेशन्स अकॉलिसची पाने बुडापाशीच असतात. तिन्ही फुले गुलाबी असल्यामुळे नुसत्या फुलाच्या फोटोवर ओळख सुचवणारे ॲप यांतले कोणतेही नाव सुचवू शकते, आणि आपण तेच लिहून मोकळे होतो.

म्हणून एका झाडाचे निदान पाच फोटो घ्यावेत: संपूर्ण झाड त्याच्या परिसरासह, पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, फूल बाजूने आणि मागून, आणि असेल तर शेंग किंवा फळ. एका तरी फोटोत पट्टी किंवा नाणे ठेवावे. ज्या गोष्टी फोटोत येत नाहीत त्या वहीत लिहाव्यात. पान चुरगळल्यावर येणारा वास, तोडलेल्या देठातून निघणारा चीक आणि बोटांनी चाचपल्यावर खोड गोल लागते की तुळशीसारखे चौकोनी, हे कोणताही कॅमेरा सांगत नाही.

इतके करूनही काही वनस्पती फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. कातळसड्यांवर पांढऱ्या टाचण्या टोचल्यासारखे दिसणारे गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, हे त्यातले ठळक नाव. त्यांच्या जाती इवल्याशा फुलांच्या आणि बियांच्या बारकाव्यांवरून ठरतात. अशा वेळी ‘एरिओकॉलॉन, जात अनिश्चित’ असे लिहिणे ही पूर्ण आणि चांगली नोंद असते. अंदाजाने लिहिलेली जात मात्र पुढच्या माणसाला चकवते.

स्थानिक नाव विचारून जरूर लिहावे, पण त्याच्याबरोबर गावही लिहावे. ‘मुसळी’ किंवा ‘कुलई’ म्हणून दाखवली जाणारी भाजी प्रत्येक ठिकाणी एकाच जातीची असेल, असे धरून चालता येत नाही. आणि फुले नसलेल्या झाडाची नोंद वाया जाते, हा समज तर सोडूनच द्यावा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी बहरली. मधल्या वर्षांत ती न फुललेली पाहिल्याची नोंद त्या चक्राला तितकीच लागते, विशेषतः निरनिराळ्या डोंगरांवरची कारवी निरनिराळ्या वर्षी फुलत असल्यामुळे.

अळंबी वरून पाहणे आणि उपटून नेणे

अळंबीच्या बाबतीत वरून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. टोपीखालच्या पट्ट्या, ज्यांना सगळे गिल्सच म्हणतात, त्यांचा रंग, त्या देठाला चिकटतात की सुट्या राहतात, देठावर कडे आहे का आणि बुडाशी पिशवीसारखे आवरण आहे का, यावर ओळख अवलंबून असते. अळंबी उपटली की ती पिशवी मातीतच राहते, आणि विषारी ॲमानिटा ओळखण्याची एक महत्त्वाची खूण हातची जाते. वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिसचा देठ तर मुळासारखा खोल जाऊन वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या मधाच्या पोळ्यासारख्या गोळ्यापर्यंत पोचतो. गोव्यात जिला रोन ओळमी म्हणतात ती हीच. उपटल्यावर हा देठ तुटतो, म्हणून बाजूची माती चमच्याने हळूच सरकवून बूड उघडे करावे, फोटो घ्यावा आणि माती परत लोटावी. अळंबी मातीवर होती, शेणावर होती की कुजक्या लाकडावर, हेही तिथेच लिहावे. ‘जंगलात आढळली’ या वाक्याला काही अर्थ नाही.

बीजाणूंचा ठसा घेण्याचा कंटाळा ही माझी सर्वांत जुनी चूक. एका सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि मी त्यांना खुशाल खाण्यायोग्य अळंबीचे नाव देऊन टाकले होते, कारण गिल्स पांढऱ्या दिसत होत्या. पुढच्या पावसात त्याच जागी त्या पुन्हा आल्या, तेव्हा एक टोपी कापून, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवली आणि वर स्टीलची वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर पांढऱ्या कागदावर मळकट हिरव्या रेघांचे चक्र उमटले होते. हिरवट बीजाणू ही क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिसची खूण आहे. ही अळंबी खाल्ल्यास उलट्या आणि जुलाब होतात, आणि कोवळेपणी तिच्या गिल्स पांढऱ्याच असतात. दोन रंगांचा कागद घ्यायचा तो पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत म्हणून. ॲपने दिलेल्या नावावर, किंवा आपल्या नोंदीवर कोणी दिलेल्या नावावर, कोणतीही अळंबी कधीही खाऊ नये.

पहिल्या पावसानंतर पालापाचोळ्यावर दिसणारा पिवळा, फेसाळ लपका बुरशीत धरण्याची चूकही नेहमीची आहे. तो बहुधा स्लाइम मोल्ड असतो आणि बुरशीच्या गटात मोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन पाहावे. लपका वाळून त्याची ठिसूळ खपली झालेली असते, आणि हे दोन दिवसांचे दोन फोटो एका फोटोपेक्षा खूप अधिक सांगतात.

थेंबातले घोळ

डबक्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की नवख्याला सर्वांत आधी सापडणारा ‘जीव’ म्हणजे हवेचा बुडबुडा: काळी, जाड, रेखीव कड आणि आत काहीच नाही. दुसरा म्हणजे आयपीसवरची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरची, धूळ. आयपीस बोटांनी फिरवून पाहावी. ठिपका तिच्याबरोबर फिरला तर तो थेंबात नाही.

चित्र चाळीसच्या (चाळीसपट मोठे दाखवणाऱ्या) भिंगाखाली धूसर येत असेल, तर दोष सहसा भिंगाचा नसतो. थेंब फार मोठा असतो किंवा वर कव्हर स्लिप, म्हणजे थेंबावर झाकायची पातळ काच, नसते. ही भिंगे साधारण ०.१७ मिलिमीटर जाडीची काच मध्ये असेल असे धरून बनवलेली असतात. पारदर्शक जीव दिसतच नसतील तर दिवा वाढवण्याऐवजी खालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप थोडी मिटावी.

आकाराची नोंद ‘४०० पट’ अशी करणे ही बहुतेकांची सवय, आणि ती व्यर्थ आहे, कारण मोबाइलवर फोटो मोठा केला की तो आकडा उरत नाही. त्याऐवजी दृष्टिक्षेत्राचा व्यास काढून ठेवावा. आयपीसवर १८ हा आकडा असेल तर चारच्या भिंगाखाली तो व्यास ४.५ मिलिमीटर, दहाच्या भिंगाखाली १.८ आणि चाळीसच्या भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर असतो. दहाच्या भिंगाखाली एखादा जीव व्यासाचा नववा भाग व्यापत असेल, तर तो ०.२ मिलिमीटरचा झाला, म्हणजे पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या मापाचा. हालचालीचा दहा सेकंदांचा व्हिडिओही घ्यावा. पॅरामेशियम स्वतःभोवती फिरत पुढे जातो, व्होर्टिसेला या दुसऱ्या एकपेशीय जीवाचा देठ झटक्यात स्प्रिंगसारखा आखडतो, आणि स्थिर फोटोत हे काहीच उरत नाही.

रंगावरून निर्णय घेऊ नये. २०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा शेवाळ म्हणून अनेकांनी निकाल देऊन टाकला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग हॅलोआर्किया या खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

नमुन्याची बाटली काठोकाठ भरू नये, झाकण सैल ठेवावे, गाडीत उन्हात सोडू नये आणि पाणी त्याच संध्याकाळी पाहावे. चिठ्ठी डबक्याकाठीच आणि पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओघळते. सड्यावरच्या तीन डबक्यांचे पाणी लोणच्याच्या तीन सारख्या बरण्यांतून घरी आणल्यावर मला कळेना, की डेस्मिड्सनी, म्हणजे सूक्ष्म हिरव्या शेवाळांनी, भरलेली बरणी कोणत्या डबक्याची. त्या दिवशीच्या वहीत आजही तीन प्रश्नचिन्हे आहेत.

जागा, तारीख आणि सहमती

चॅटवरून मागवलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश सहसा उरत नाहीत, म्हणून नोंदीसाठी मूळ फोटोच घ्यावा. मोबाइलने पायथ्याशी गाडी लावलेली जागाच धरून ठेवलेली नाही ना, हे वर पोचल्यावर नकाशावर पाहावे. बागेत लावलेले किंवा रस्त्याकडेला वनखात्याने लावलेले झाड असेल तर तसे नमूद करावे. गिरिपुष्पाच्या रांगेची नोंद ‘रानटी’ म्हणून गेली की नकाशा बिघडतो.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते, पण आपणच खाली ‘देवळामागच्या कड्यावर, पाण्याच्या टाक्याशेजारी’ असे लिहिले, तर झाकण्याचा उपयोग काय? खर्पुडीचे कंद खणले जातात, ऑर्किडे उचलली जातात. अशा जातींसाठी तालुक्याचे नाव पुरे आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय नमुना तोडणे हा तर गुन्हाच आहे.

जाणकाराने नाव सुचवल्यावर आभार मानायचे म्हणून सहमतीचे बटण दाबू नये. तसे केल्याने एकाच माणसाचे मत दोघांचे दिसते आणि नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होऊन बसते. आपल्याला ती खूण स्वतः फोटोत दिसली तरच दाबावे, नाहीतर कोणत्या खुणेवरून ओळखले हे विचारावे. चूक लक्षात आल्यावर नोंद काढून टाकू नये. वहीत जुने नाव वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी नवे नाव, तारीख आणि कारण लिहावे. माझ्या हिरवळीवरच्या छत्र्यांच्या नोंदीशेजारी ‘ठसा हिरवा’ एवढेच लिहिले आहे, आणि तो कागद त्याच पानाला चिकटवला आहे.