शहराच्या संगीताचे मासिक काढताना

आपल्या शहरातील गाण्याबजावण्याची दखल घेणारे छोटे मासिक काढायचे ठरले, की बहुतेक जण आधी नाव आणि मुखपृष्ठ यांत गुंततात. माझ्या मते सुरुवात कार्यक्रमसूचीपासून करावी. वाचक अंक उघडतो तो प्रथम या शनिवारी कुठे काय आहे हे पाहण्यासाठी, आणि ती सूची एकदा जरी चुकली तरी पुढच्या उत्तम लेखावरचाही त्याचा विश्वास डळमळतो. प्रत्येक नोंदीत तारीख आणि वार दोन्ही द्यावेत. वार दिनदर्शिकेशी ताडून पाहिला की तारखेची चूक तिथल्या तिथे सापडते. माहिती जाहिरातीवरून उतरवून न घेता आयोजकांना फोन करून पडताळावी आणि नावांतले ऱ्हस्वदीर्घ शक्यतो त्या कलाकारालाच विचारावे. साथीदारांची नावे जागेअभावी गाळली जातात, ते मला फार खटकते. जागा कमी पडत असेल तर विशेषणे कापावीत.

खरा कस लागतो तो मैफलीच्या वृत्तान्तात. ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ हे वाक्य कोणत्याही मैफलीला लागू पडते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, तिसऱ्या गाण्यात तबला उतरला, वादकाने गाणे न थांबवता हातोडीने तो चढवला आणि तेवढा वेळ पेटीवाल्याने तीच ओळ फिरवून फिरवून वाजवत गायिकेला सांभाळून घेतले, असे लिहिले तर हजर नसलेल्यालाही ती संध्याकाळ ऐकू येते. असे तपशील दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. त्यामुळे वही सोबत ठेवावी, गाण्यांचा क्रम आणि वेळ जागेवरच टिपावी, आणि ज्याने जाहिरात दिली आहे त्याला वृत्तान्त छापण्यापूर्वी मुळीच दाखवू नये.

छायाचित्रासाठी फ्लॅश वापरू नये. त्याने कलाकाराचे लक्ष विचलित होते. मंद प्रकाशात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, 1600 ते 3200 ठेवून हालचाल गोठेल इतका शटरचा वेग, साधारण 1/200 सेकंद, मिळतो का ते पाहावे.

छपाईत नवख्यांना पानांचे गणित चकवते. मधोमध टाचण मारलेल्या अंकाची पाने 4 च्या पटीत असतात, म्हणजे 16, 20 किंवा 24. एखादी मुलाखत एका पानाने वाढली तर चार पाने वाढवावी लागतात किंवा काहीतरी कापावे लागते. अशी मोकळी राहणारी जागा भरण्यासाठी वेळेचे बंधन नसलेले एखादे वाद्यपरिचयाचे टिपण हाताशी तयार असावे. चित्रे छपाईच्या आकारात 300 डीपीआयची (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके) असावीत, पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापण्याच्या रेषेच्या 3 मिलिमीटर बाहेर वाढवावे, आणि अंतिम पीडीएफ छापखान्याकडे पाठवण्यापूर्वी कागदावर काढून वाचावी, कारण फुटलेली जोडाक्षरे पडद्यावर नजरेतून सहज निसटतात.

अंक निघाल्यावर काम संपत नाही. मुलाखतींच्या ध्वनिफितींना वर्ष, महिना, दिवस आणि कलाकाराचे नाव या क्रमाने नावे द्यावीत, त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि प्रत्येक अंकाच्या दोन प्रती सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन द्याव्यात.