४८६च्या कॅबिनेटमध्ये के६-२चा मदरबोर्ड कसा बसवावा

माळ्यावरचा ४८६ प्रोसेसरचा जुना पीसी भंगारात देऊ नका. त्याचं एटी (जुन्या धाटणीचं) कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि जाड गोल पिनचा कीबोर्ड तसाच ठेवून आत १९९८च्या सुमाराचा सुपर सॉकेट ७ (प्रोसेसरच्या खाचेचा एक प्रकार) असलेला मदरबोर्ड बसवता येतो. बोर्ड बेबी एटी, म्हणजे एटी कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या आकाराचाच बघून घ्या. एटीएक्स या नंतरच्या आकाराच्या बोर्डाची मागची पोर्टं या कॅबिनेटला जुळत नाहीत. माझी पसंती या बोर्डाला आहे, कारण त्यावर एएमडीचा के६-२ प्रोसेसर आणि एसडीरॅम (रॅमचा एक प्रकार) चालते, शिवाय आयएसए (जुन्या कार्डांचे) स्लॉटही असतात, म्हणजे जुनं साउंड कार्ड वाचतं. ४८६मधलं व्हीएलबी स्लॉटचं डिस्प्ले कार्ड मात्र बसणार नाही. पीसीआय किंवा एजीपी या स्लॉटचं कार्ड शोधा.

आधी हार्ड डिस्कवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. मग प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एटी कॅबिनेटच्या पुढच्या स्विचपर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. त्या चार वायरी हलवू नका.

जुना बोर्ड काढताना त्यावरची पिंपासारखी बॅटरी बघा. ती गळून हिरवी पुटं चढली असतील, तर बॅटरी कापून काढा, डाग व्हिनेगरने पुसा, बोर्ड कोरडा करून जपून ठेवा. तो नंतर दुरुस्त होऊ शकतो.

नवा बोर्ड आधी पुठ्ठ्यावर ठेवून तपासा. सगळ्यात जपायचं ते जंपरना, म्हणजे बोर्डावरच्या पिनांवर टोप्या लावून व्होल्टेज आणि वेग ठरवतात त्यांना. बहुतेक के६-२ना २.२ व्होल्ट लागतात, आणि नेमका आकडा चिपवरच छापलेला असतो. जुन्या पेंटियमसाठीचे ३.३ व्होल्ट तसेच राहिले, तर प्रोसेसर जळू शकतो. बसचा (बोर्डाचा) वेग आणि मल्टिप्लायर (प्रोसेसर त्याच्या किती पट वेगाने चालेल तो आकडा) मॅन्युअल बघून लावा. हीटसिंकचा पंखा फिरतोय ना, तेही पाहा.

एसएमपीएसचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लागतात. दोन्हीकडच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागूनच आल्या पाहिजेत. उलटे लावले, तर बोर्ड गेलाच समजा. मी दरवेळी टॉर्च मारून दोनदा बघतो.

एक रॅम आणि डिस्प्ले कार्ड लावून चालू करा. एकच छोटी बीप आली, की प्लग काढून बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूने बसवा, खाली कुठेही पत्र्याला टेकू देऊ नका.

शेवटी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत) हार्ड डिस्क ऑटो-डिटेक्ट करा. कित्येक ४८६ना ५०४ एमबीच्या पुढची डिस्क दिसत नसे, इथे ती अडचण नाही. डॉसवरचा एखादा जुना खेळ फारच वेगाने पळू लागला, तर बायोसमधून प्रोसेसरची कॅशे (वेग वाढवणारी छोटी मेमरी) बंद करून पाहा.