फ्लॅट बघायला जाताय? आधी आजूबाजूचे चौक मोजा

वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, २०२१ ला पुणे मनपात आलेल्या या गावांकडे घर बघत असाल तर सँपल फ्लॅटच्या आधी नकाशा उघडा. साइटभोवती अर्धा किलोमीटर धरायचं आणि रस्ते जिथे जिथे मिळतात किंवा संपतात ते सगळं मोजायचं. रस्ता पुढे बंद असेल तर १, तिठा असेल तर ३, चौक असेल तर ४, आणि मग सरासरी काढायची. समजा ४ बंद रस्ते, ५ तिठे आणि एकच चौक, तर २३ भागिले १० म्हणजे २.३. अडीचच्या खाली आलं की माझ्या मते सावध व्हा, कारण मग सगळ्या गाड्या एकाच मेन रोडवर येणार.

दुसरं, मॅपवर शाळा, किराणा, बसस्टॉप यांचं सरळ अंतर मोजा, मग चालायचा रस्ता लावून बघा. आमच्या गॅलरीतून पोरीच्या शाळेचं ग्राउंड दिसतं, घंटा ऐकू येते, सरळ २५० मीटर, आणि चालत १.६ किमी!! मधे दोन सोसायट्यांच्या भिंती आहेत ना. डबा विसरली तरी स्कूटर काढावी लागते.

हे असं का होतं तर शहर वाढताना शेत गटागटाने विकलं जातं, प्रत्येक बिल्डर आपल्या गटापुरता लेआउट करतो, एक गेट आणि चारी बाजूंनी कंपाउंड, शेजारच्या गटातला रस्ता याला जोडायचा हे कोणी बघतच नाही. डेक्कन-शिवाजीनगरकडे पत्त्यात अजून एफपी नंबर दिसतो, म्हणजे फायनल प्लॉट, तिथे टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, सगळ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन आधी रस्ते आखले आणि मग प्लॉट परत वाटले, म्हणून तिथे एक गल्ली जाम झाली तरी दुसरीतून निघता येतं.

"मागून डीपी रोड होणारे" (म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता) असं सेल्सवाला म्हणाला तर भाग नकाशा (आराखड्याचा तेवढ्या जागेपुरता उतारा) आणि झोन दाखला (जमीन कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला) मागा, आणि रस्त्याची जागा मनपाच्या ताब्यात आलीये का ते नक्की विचारा. नकाशावरची रेघ वर्षानुवर्षं रेघच राहू शकते.

आणि आधीच राहायला गेला असाल तर शेजारच्या सोसायटीशी बोलून भिंतीत फक्त माणसं जातील एवढं छोटं गेट मागा, दोन्हीकडे जनरल बॉडीत ठराव करून घ्या. सिक्युरिटीची भीती सगळ्यांनाच असते, तेव्हा सुरुवातीला फक्त शाळेच्या वेळेत उघडं ठेवू म्हणा, वॉचमनचा खर्च अर्धा अर्धा.