जुना डीएसएलआर घ्यावा की छोटा मिररलेस?

वापरलेला निकॉन डी३५०० (२०१८; आरशातून दृश्य दाखवणारा डीएसएलआर) आणि सोनी ए६००० (२०१४; आरसा नसलेला मिररलेस) यांत निवड करताना मेगापिक्सेल बाजूला ठेवावेत, कारण दोन्हींत ते सुमारे २४च आहेत. प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जिंगमध्ये निकॉन १,५५० छायाचित्रे देतो, तर सोनी साधारण ३६०. त्यामुळे दिवसभराच्या लग्नसमारंभासाठी किंवा वीज नसलेल्या गडावरील मुक्कामासाठी मी निकॉनच सुचवेन. सोनीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या छोट्या पडद्यात) मात्र उजेडाचा फरक छायाचित्र टिपण्यापूर्वीच दिसतो, आणि नवशिक्याला त्याचा फार उपयोग होतो. निकॉनसाठी जुनी लेन्स घेताना विशेष जपावे: या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नसल्याने एएफ-डी प्रकारच्या (स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या) लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. पैसे देण्यापूर्वी एफ/१६ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान ठेवून) निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे. काळपट ठिपके दिसल्यास सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) धूळ बसलेली असते.